तांबड्या रस्स्याला रंग हवा, पण घसा भाजायला नको

नाशिकहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आल्या असताना त्यांनी इथून कांदा-लसूण चटणी विकत नेली आणि घरी मटणाचा तांबडा रस्सा केला. पहिल्या वेळी रस्सा तपकिरी झाला, म्हणून पुढच्या वेळी चटणी दुप्पट घातली. तेव्हाही रंग मनासारखा आला नाही, उलट रस्सा इतका जाळ झाला की मुलांनी ताट सरकवले, आणि मोठ्यांना शेवटी जिभेवर कडवटपणा जाणवला. त्यामुळे लालभडक पण सोसवेल असा रस्सा कोणत्या मिरचीने होतो, त्यासाठी कोणती तयार चटणी घ्यावी आणि एकदा जाळ झालेला रस्सा सावरता येतो का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी कोल्हापुरात खानावळ चालवते आणि दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी स्वतः डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, उभी राहून कांडून घेते. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपली अडचण चटणीच्या ब्रँडची नाही. रंग, तिखटपणा आणि खमंगपणा ही तीन वेगवेगळी कामे आपण एकाच चटणीच्या चमच्यावर सोपवली आहेत, आणि तो चमचा वाढवला की तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात वाढतील असे गृहीत धरले आहे. तसे होत नाही. रंग एका मिरचीचा असतो, तिखटपणा दुसरीचा, वास तिसरीचा. आणि या तिन्ही गोष्टी रस्स्यात उतरवायचे काम मिरचीपेक्षाही तेल आणि आच करतात. कोल्हापुरी जेवण म्हणजे नुसते जाळ जेवण, असा समज बाहेरगावी पसरला आहे, तो मला खरोखर सलतो. चांगल्या तांबड्या रस्स्याने कपाळावर घाम येतो हे खरे, पण मटणाची गोडी, भाजलेल्या खोबऱ्याचा स्निग्धपणा आणि लसणाचा वास या तिन्हींची चव घासागणिक लागली पाहिजे. जिथे फक्त आग लागते, तिथे स्वयंपाक बिघडला असे आमच्याकडेही समजतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधी सांगायला हवे. आपण नेलेली चटणी कोणत्या मिरच्यांची आहे, ती कधी कांडलेली आहे, दुकानात ती उजेडात किती दिवस पडून होती, तिच्यात मीठ आणि तेल किती आहे, आपली कढई जाड बुडाची आहे की पातळ, घरात तिखटाची सवय किती आहे, या सगळ्यांवर प्रमाण बदलते. एकाच वाणाची मिरचीसुद्धा जमीन, पाऊस आणि तोडणीची वेळ यांनुसार कमी-अधिक तिखट निघते. म्हणून मी खाली जी मापे देते आहे ती सुरुवातीची समजा, आणि त्यामागची कारणे मात्र नीट लक्षात घ्या, कारण ती प्रत्येक घरात सारखीच लागू पडतात.

रंगासाठी आमच्याकडे ब्याडगी मिरची लागते. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही मिरची गडद लाल, अंगावर खूप सुरकुत्या असलेली आणि बेताची तिखट असते. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिखटपणा मोजण्याचे स्कोव्हिल हे माप वापरले, तर ब्याडगी साधारण ८ ते १५ हजारांच्या घरात येते आणि गुंटूरकडची नेहमीची सन्नम मिरची ३५ ते ४० हजारांच्या आसपास जाते. म्हणजे रंगासाठी गुंटूरची पूड घालत राहिलात, तर रंग जेमतेम येईल आणि जाळ मात्र कित्येक पटींनी वाढेल. बाजारात काश्मिरी म्हणून मिळणारी बरीच पूडही ब्याडगीच्याच धर्तीच्या, कमी तिखट आणि रंगदार मिरचीची असते, त्यामुळे नाशिकमध्ये चांगली ब्याडगी मिळाली नाही तर ती चालू शकते.

चवीसाठी आणि वासासाठी आमचा जीव संकेश्वरीवर आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाची, आणि आमच्या गडहिंग्लजच्या बाजारातही येणारी ही जवारी, म्हणजे गावरान, मिरची लांबट असते, तिखटपणा मध्यम असतो, आणि ती हातात चुरडली की जो वास येतो तो दुसऱ्या कुठल्या मिरचीला नाही. खरी जवारी संकेश्वरी महाग असते, म्हणून तिच्या नावाने दुसरी मिरची खपवली जाते. ओळखीच्या दुकानदाराकडून घेणे हाच त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. झणझणीतपणासाठी लवंगी असते, ती बारीक, टोकदार आणि फारच जहाल. तिचे काम मूठभरच असते आणि तिला त्या मर्यादेतच ठेवावे.

आमच्या घरच्या चटणीत १ किलो मिरचीमध्ये साधारण ६०० ग्रॅम ब्याडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी आणि १०० ग्रॅम लवंगी असते. ज्या घरात लहान मुले आहेत त्यांना मी लवंगी पूर्ण वगळून तेवढी ब्याडगी वाढवायला सांगते. या १ किलोला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे, पाव किलो धणे, १०० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम जिरे, ५० ग्रॅम खसखस, थोडे आले आणि कोथिंबीर, बेताचा गरम मसाला, हळकुंड, खडा हिंग आणि पाव किलोच्या आत-बाहेर खडे मीठ असा हिशेब बसतो. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते आणि प्रत्येकाला आपलेच खरे वाटते, तेव्हा त्यावर वाद नको. पण मिरच्यांचे आपसांतले प्रमाण मात्र रंग आणि तिखटपणा ठरवते, एवढे पक्के धरून चाला.

मिरची निवडताना डोळ्यांइतकाच कानांचा आणि बोटांचा उपयोग करावा. ब्याडगी हातात घेऊन मधोमध मोडली की ती चटकन तुटली पाहिजे. वाकली, चिवट लागली तर ओल शिल्लक आहे आणि अशी मिरची बरणीत बुरसते. मोडल्यावर आतली बाजूही लाल हवी. आत करडी किंवा काळपट बुरशी दिसली, तर तो ढीग सोडून द्यावा, कारण वरून चकाकणारी मिरची आतून खराब असू शकते. अंगावर पांढरट फिके डाग असलेली मिरची बाजूला काढावी. फार तुकतुकीत दिसणाऱ्या मिरच्या चोळून पाहाव्यात; बोटांना तेल लागले तर चकाकी मिरचीची नाही. तयार पूड घेणार असाल, तर ग्लासभर पाण्याच्या पृष्ठभागावर चिमूटभर टाकून पाहा. कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर तो पाण्यात रेषा ओढत खाली उतरू लागतो.

बियांबद्दल एक समज दूर करायला हवा. तिखटपणा बियांत असतो असे सगळेच म्हणतात, पण मिरचीला तिखट करणारे कॅप्सेसिन प्रामुख्याने बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तयार होते. बियांना ते केवळ लागलेले असते. तरीही ब्याडगीच्या बिया झटकून काढण्यात फायदा आहे, कारण बिया फिकट पिवळ्या असतात आणि त्या दळल्या की पुडीचा लाल रंग उतरतो. देठ मात्र सगळ्याच मिरच्यांचे खुडलेच पाहिजेत. देठासकट कांडलेली चटणी मातकट लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येते, तो म्हणजे तेल आणि आच. मिरचीचा लाल रंग देणारी द्रव्ये आणि तिखटपणा देणारे कॅप्सेसिन, दोन्ही स्निग्ध पदार्थात विरघळतात. पाण्यात ती जवळजवळ उतरत नाहीत. म्हणून उकळत्या रस्स्यात वरून चटणी टाकून ढवळले, तर ती गाळासारखी तळाशी बसते, रस्सा गढूळ दिसतो, रंग येत नाही, आणि खाताना तो गाळ थेट जिभेवर येऊन भाजतो. उलट तीच चटणी योग्य वेळी, योग्य आचेवर तेलात परतली, तर निम्म्या प्रमाणात दुप्पट रंग देते. मात्र या दोन द्रव्यांच्या स्वभावात एक फरक आहे, आणि आपली तक्रार नेमकी तिथून आली असावी. कॅप्सेसिन नेहमीच्या स्वयंपाकाच्या आचेला दाद देत नाही. तास दोन तास उकळले तरी ते रस्स्यात राहते. रंग मात्र नाजूक असतो. तेल धुरावर आले असताना चटणी पडली की काही सेकंदांत लाल रंग करपून तपकिरी होतो, मिरचीतली साखर आणि लसूण जळून कडवटपणा येतो, पण तिखटपणा जशाचा तसा शिल्लक राहतो. रंग गेला, जाळ राहिला, वर कडूपणा आला, असे जे आपल्याकडे घडले, त्याचे सर्वांत संभाव्य कारण हेच आहे.

म्हणून चटणी तेलात घालण्याची पद्धत मी जरा सावकाश सांगते. आधी तेलात कांदा-खोबऱ्याचे वाटण पूर्ण परतून घ्यावे. त्याचा कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटू लागले की गॅस अगदी बारीक करावा आणि मिनिटभर थांबावे. मग मटण शिजवलेले गरम पाणी, ज्याला आम्ही अळणी म्हणतो, दोन-तीन चमचे वाटणावर शिंपडावे. कढईतला चुरचुर आवाज खाली येतो, वाफ निघते, आणि याच वेळी चटणी घालून सतत हलवत राहावे. पाणी आहे तोवर चटणीला जळण्याची भीती नसते. पाहता पाहता बारीक फेस येतो, आधी नारिंगी दिसणारा, मग लाल. फेसाचे बुडबुडे मोठे होत जातात, पाणी आटते आणि कडेला स्वच्छ, पारदर्शक, माणकासारखे लाल तेल वेगळे दिसू लागते. तेवढेच हवे असते. यानंतर अर्धा मिनिटही जास्त परतू नये. लगेच उरलेले अळणी पाणी घालावे. या टप्प्यावर आपल्याला किंवा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठसका लागला, तर तेल गरजेपेक्षा जास्त तापले आहे असे समजून कढई तत्काळ विस्तवावरून उतरवावी आणि आणखी दोन चमचे पाणी शिंपडावे. ठसका लागण्याआधी वास बदलतो. खमंग वासाच्या जागी नाकात टोचणारा वास आला की हात आखडता घ्यावा.

आपण नाशिकच्या आहात, म्हणून आणखी एक शंका मनात येते. आपल्याकडच्या काळ्या रस्स्यासाठी कांदा आणि खोबरे थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजतात, आणि त्या रस्स्याची सारी लज्जत त्या भाजण्यातच असते. हाताला ती सवय असेल आणि आपण तांबड्या रस्स्याचे वाटणही तसेच भाजले असेल, तर त्यात कितीही ब्याडगी घातली तरी रंग तपकिरीच राहील. तांबड्या रस्स्याला कांदा उभा चिरून तेलावर सोनेरी-तांबूस होईपर्यंतच परतावा, सुके खोबरे बदामी रंगावर उतरवावे, तीळ तडतडायला लागताच काढावेत, आणि खसखस सर्वांत शेवटी, कोमट तव्यावर, रंग बदलण्याआधी बाजूला घ्यावी. करपलेली खसखस आणि करपलेले तीळ यांचा कडवटपणा बरेच जण मिरचीच्या नावावर टाकतात. दुसरे असे की खोबरे, तीळ आणि खसखस जास्त झाली तरी रस्सा दाट आणि फिकट होतो. अर्धा किलो मटणाच्या रस्स्याला दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, एक मोठा चमचा तीळ आणि एक मोठा चमचा खसखस पुरे होते. वाटणात आले, लसूण आणि मूठभर कोथिंबीर येतेच.

आता आपल्याजवळच्याच चटणीने, तिखट न वाढवता, रंग कसा मिळवायचा ते सांगते. सहा-सात ब्याडगी मिरच्यांचे देठ खुडून, बिया झटकून, त्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटे भिजवाव्यात आणि मऊ झाल्यावर त्याच पाण्याचे दोन-तीन चमचे घालून गंधासारखे बारीक वाटून घ्यावे. हे वाटण कांदा-खोबऱ्याच्या वाटणानंतर तेलात घालावे आणि मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत परतावे. ते ओले असल्याने पुडीसारखे चटकन जळत नाही, म्हणून नवख्या हातालाही ते साधते. त्यानंतर आपली कांदा-लसूण चटणी दोन सपाट चमचे, पोह्याच्या चमच्याने, वर सांगितल्याप्रमाणे घालावी. एवढ्या मसाल्याला १ ते सव्वा लिटर अळणी पाणी बसते. तेल चार ते पाच मोठे चमचे लागेल, आणि इथे हात आखडू नये, कारण रंग वाहून नेणारे दुसरे कोणी नाही. आमच्याकडे शेंगतेल वापरतात. त्याचा स्वतःचा वास या रस्स्याला शोभतो. मटणाला चरबी चांगली असेल, तर एखादा चमचा कमी चालेल.

पाणी घालताना ते कडकडीत गरमच असावे, आणि ते मटण शिजवलेलेच पाणी असावे. साध्या पाण्याचा रस्सा पोकळ लागतो; मग ती पोकळी भरायला माणूस चटणी वाढवतो आणि जाळ वाढतो. मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून, थोड्या तेलावर परतून, भरपूर पाण्यात शिजवले की जे अळणी मिळते त्यातच रस्स्याचा अर्धा जीव असतो. एक उकळी आल्यावर आच मंद करून, झाकण अर्धवट ठेवून, पंधरा-वीस मिनिटे रस्सा हळूहळू शिजू द्यावा. खळाखळा उकळत ठेवला तर तेल आणि पाणी घुसळले जाऊन एकजीव होते, वरचा कट, म्हणजे लाल तेलाचा तवंग, नाहीसा होतो आणि रस्सा फिकट, दुधाळ दिसू लागतो. मंद आचेवर तेच तेल हलके हलके वर येऊन जमते आणि रस्सा लाल दिसतो. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे रस्सा हलवू नये. आपण ज्याला रंग आला म्हणतो, तो बराचसा या दहा मिनिटांत वर येतो.

टोमॅटोबद्दल बऱ्याच जणी विचारतात. तांबड्या रस्स्याचा रंग टोमॅटोने येत नाही, आणि त्याचा आंबटपणा मटणाच्या गोडीवर चढतो, म्हणून मी घालत नाही. कोणाच्या घरी आवडत असेल तर अर्ध्याहून अधिक नसावा. कृत्रिम रंग मात्र घरच्या रस्स्यात कोणत्याही कारणाने घालू नये. काही ठिकाणी जेवल्यावर बोटे दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहतात; तसा रंग घरी आला नाही म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. ब्याडगीचा रंग गडद, थोडा विटकरीकडे झुकणारा आणि तेलात चमकणारा असतो. कुंकवासारखा भडक नसतो.

रस्सा जाळ झालाच तर काय करावे, याचे उत्तर वरच्याच कारणातून निघते. तिखटपणा तेलात उतरलेला असतो, म्हणून सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे वरचा कट पळीने अलगद काढून वाटीत ठेवणे. त्याबरोबर रंग थोडा जाईल, पण जाळ लक्षणीय कमी होईल, आणि ज्यांना झणझणीत हवे त्यांना तो कट ताटात वरून घेता येईल. मिसळीलाही आम्ही कट असाच वेगळा देतो. त्यानंतर जादा अळणी पाणी असेल तर ते वाढवावे. तेही नसेल, तर दोन चमचे काजू आणि एक चमचा खसखस भिजवून बारीक वाटून घालावी किंवा पाव वाटी नारळाचे घट्ट दूध घालून एकच मंद उकळी द्यावी; त्यातल्या स्निग्धपणामुळे तिखट जिभेला कमी बोचते. बटाटा तिखट शोषून घेतो असे सांगतात, पण तो तिखट वेगळे काढून घेत नाही. रस्स्यात तेवढीच भर पडून प्रत्येक घासातले तिखट थोडे कमी होते, इतकेच. गुळाचा लहानसा खडा जिभेला थोडा दिलासा देतो, परंतु रस्सा गोड लागण्याइतका घालू नये. दही रस्स्यात घालू नये, ते फुटते. ते ताटात दही-कांद्याच्या रूपाने शेजारी ठेवावे, तिथे ते आपले काम चोख करते. लिंबू पिळल्याने तिखट कमी होत नाही, चवीचा तोल मात्र सुधारतो. कडवटपणा आलेला असेल तर मात्र यातले काहीच लागू पडत नाही. जळलेली चव काढता येत नाही. अशा वेळी मटणाचे तुकडे उचलून धुऊन घ्यावेत आणि मसाला पुन्हा करावा, हाच सरळ मार्ग आहे.

मुलांसाठी तर रस्सा बिघडायची वाटच पाहू नये. आमच्या ताटात तांबड्याबरोबर पांढरा रस्सा असतो, त्यात लाल तिखट पडत नाही. तो खोबऱ्याचे दूध, काजू, तीळ, खसखस, खडा मसाला आणि चवीपुरती हिरवी मिरची किंवा मिरे यांवर उभा असतो. तेवढा व्याप नको असेल, तर मटण शिजल्यावर चटणी घालण्याआधीच मुलांच्या वाट्याचे तुकडे आणि वाटीभर अळणी बाजूला काढून ठेवावी. अळणी आणि भात कालवून वर तुपाची धार सोडली की लहान मुले आनंदाने जेवतात. थोडी मोठी झालेली मुले तांबडा मागू लागली, तर त्या अळणीत एक चमचा तांबडा मिसळून द्यावा आणि तो कोमट करूनच द्यावा. तोंडातील संवेदना टिपणाऱ्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) कॅप्सेसिन चेतवते, तेच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही ओळखतात, त्यामुळे वाफाळता तिखट रस्सा त्याच प्रमाणाच्या कोमट रस्स्यापेक्षा कितीतरी जाळ लागतो. हा ग्राहक शोधण्याच्या कामासाठीच डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मुलाला तिखट लागलेच तर पाण्याचा तांब्या पुढे करू नये, पाण्याने ते तोंडभर पसरते. दूध, ताक किंवा दही द्यावे. दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेते.

मिरच्या साफ करणाऱ्याच्या हातांबद्दलही दोन शब्द लिहिते. देठ खुडताना आणि बिया झटकताना हातांना आधी तेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत. आग होऊ लागली तर नुसत्या पाण्याने धुऊन उपयोग नाही. तेल चोळून मग साबणाने धुवावे, आणि डोळ्यांना हात लावू नये. घरात दमा असलेले कोणी असेल, तर मिरच्या भाजायचे काम त्यांच्या गैरहजेरीत आणि खिडक्या उघडून करावे.

आपल्याजवळ उरलेली चटणी टाकून देऊ नका. रंगाला कमी असली तरी तिच्यातला लसूण आणि मसाला चांगला असू शकतो. थोडी तळहातावर घेऊन हुंगून पाहा: लसणाचा आणि खोबऱ्याचा ताजा वास येत असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ब्याडगीच्या वाटणाबरोबर ती निश्चिंतपणे वापरा, खोबरे खवट झाल्याचा वास येत असेल तर मात्र ती वापरू नये, कारण खवटपणा गरम रस्स्यात आणखी उघडा पडतो. काचेच्या पारदर्शक बरणीत ओट्यावर ठेवली असेल तर ती आजच हलवा. उजेड आणि हवा या दोन्हींनी मिरचीचा रंग उडतो, तिखटपणा मात्र टिकून राहतो, म्हणूनच जुनी चटणी फिकी दिसते आणि तरी भाजते. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावी, मधे मधे खडा हिंग ठेवावा, रोजच्या वापरासाठी आठवड्यापुरतीच लहान डब्यात काढावी आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नये. आमच्याकडे मार्च ते मे या कडक उन्हात वर्षाची चटणी कांडतात, आणि नीट ठेवली तर ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते. पण रंगाच्या दृष्टीने पहिले सहा-आठ महिने सर्वांत चांगले असतात.

तयार चटणीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच दुकानाची चटणी दर हंगामात बदलते. पुन्हा कोल्हापूरला याल तेव्हा लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मिरच्या निवडून घ्या आणि डंकावर आपल्यासमोर कांडून घ्या. तेवढा वेळ नसेल, तर विकणाऱ्याला कोणत्या मिरच्या किती प्रमाणात आहेत आणि कधी कांडल्या, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. ज्याला उत्तर देता येते त्याच्याकडून घ्या. तोपर्यंत अर्ध्या किलो मटणावर वरच्या प्रमाणाने एकदा करून पाहा, आणि वाटण कोणत्या रंगावर भाजले, तेल किती तापले होते आणि चटणी घातल्यावर कडेचे तेल कसे दिसले, एवढे मला कळवा. त्यावरून आपल्या चटणीला किती ब्याडगी जोडायची ते नेमके सांगता येईल.